साध्या ईकोचा कॅम्पर कसा करायचा: गाडीला एकही भोक न पाडता

कॅम्पर म्हणजे आत झोपायची-राहायची सोय केलेली गाडी. यूट्यूबवर अशा ज्या व्हॅन दिसतात, आत उभं राहता येतं, सिंक आहे, शॉवर आहे, त्या बहुतेक मर्सिडीजच्या स्प्रिंटर नाहीतर फोर्डच्या ट्रान्झिट, म्हणजे मोठ्या व्हॅन असतात. ते डोक्यातून काढून टाका. आपण बोलतोय ती मारुती ईको, ३६७५ मिमी लांब, १४७५ मिमी रुंद, १३ इंची चाकं, दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे. गावात कुठल्याही गॅरेजवाल्याला दाखवा, त्याने आयुष्यात शंभर उघडलेल्या असतात, आणि अडनिड्या ठिकाणी गाडी बंद पडली तर हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा ठरतो. दोन माणसं झोपतील, चहा-खिचडी होईल, रात्रभर पंखा चालेल आणि सोमवारी परत हीच गाडी घेऊन ऑफिसला जाता येईल, एवढंच आपल्याला करायचंय.

माझा एकच नियम आहे, सगळा लेख त्यावरच उभा आहे. गाडीला काही कापायचं नाही, वेल्ड करायचं नाही, भोक पाडायचं नाही. सगळं सामान दोन माणसांनी तासाभरात उतरवून ठेवता आलं पाहिजे. का ते दुसऱ्या पायरीत येईल.

१. गाडी बघण्याआधी आरसी बघा

सेकंडहँड ईको स्वस्तात दिसली की लोक आधी इंजिन ऐकतात. आधी आरसी मागा. बाजारात येणाऱ्या ईकोंमध्ये स्कूल व्हॅन, टुरिस्ट परमिटच्या आणि डिलिव्हरीच्या गाड्या भरपूर असतात, आणि पिवळ्या पाटीची गाडी पांढरीवर आणायची म्हणजे परमिट सरेंडर, टॅक्स, आरटीओच्या फेऱ्या. ते सगळं विकणाऱ्याने करून दिलं तरच घ्या, "होऊन जाईल हो" वर विश्वास ठेवू नका.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे ईको कार्गो. मागे सीटच नाही, सपाट जमीन, किंमत कमी, कॅम्परसाठीच बनवल्यासारखी वाटते. पण ती मालवाहू म्हणून नोंदलेली असते, मागच्या भागात माणसं बसवून फिरणं चालत नाही आणि उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिला हाच प्रश्न विचारणार. त्यामुळे खासगी नोंदणीची पाच सीटरच शोधा.

सीएनजी घ्यायची का? चालवायला स्वस्त पडते हे खरं, पण सिलेंडर नेमका मागच्या सामानाच्या जागेत बसतो, म्हणजे पलंग त्याच्या वरून न्यावा लागतो आणि व्हॉल्व्हपर्यंत हात पोचायला जागा सोडावी लागते. शिवाय दर ३ वर्षांनी सिलेंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी. मी तरी कॅम्परसाठी पेट्रोलच सांगेन.

घेताना ही कागदपत्रं हातात पाहिजेत:

- आरसी (गाडीचा वर्ग, आसनसंख्या आणि ग्रॉस वजन, म्हणजे माणसं-सामानासकट चालणारं जास्तीत जास्त वजन वाचा)
- चालू इन्शुरन्स आणि पीयूसी
- मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, विकणाऱ्याच्या सहीसकट
- गाडीवर कर्ज होतं तर आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र
- दुसऱ्या राज्यातली किंवा दुसऱ्या आरटीओची असेल तर एनओसी, म्हणजे फॉर्म २८
- परिवहनच्या साइटवर चलन बाकी आहे का त्याचा स्क्रीनशॉट

आणि गाडी बघायला गेलात की मागची सीट स्वतःच्या हाताने दुमडून बघा. मॉडेलप्रमाणे फरक असतो. पाठ पुढे पडते का, पडली की किती उंच राहते, यावर तुमचा अख्खा पलंग अवलंबून आहे. मॅट उचलून खाली गंज बघा, सरकत्या दाराचा रूळ बघा, मागच्या दाराच्या रबराखाली बोट फिरवा. मुंबई किंवा कोकणातली गाडी असेल तर हे दुप्पट नीट बघा.

२. कायद्याचं काय ते आधी समजून घ्या

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने जशी गाडी दिली आणि आरसीवर जशी नोंद आहे त्यात फरक पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं, त्यात नियमाबाहेरच्या बदलाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

म्हणजे छप्पर कापून उंच करणं, बाजूच्या पत्र्याला खिडकी पाडणं, सीट कायमची काढून टाकणं, हे सगळं बाद. रीतसर कॅरव्हॅन करायची असेल तर त्याला वेगळा वर्ग आहे, मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, पण तो मार्ग बॉडी बिल्डरचा आहे, आपल्यासारख्याने रविवारी पार्किंगमध्ये करायचा नाही.

मग आपण काय करतो? सुटं सामान ठेवतो. पलंगाची चौकट, गादी, डबे, पॉवर स्टेशन (उचलून नेता येणारा बॅटरीचा डबा), सगळं लगेज. सीट जागेवर, बेल्ट जागेवर. लोक म्हणतात सीट काढली की चांगली हाइट मिळते, मिळते ना, नाही म्हणत नाही, पण आरसीवर पाच लिहिलंय आणि गाडीत दोनच सीट, हे हायवेवर समजावून सांगायची माझी तयारी नाही. तुमची असेल तर निदान आधी आरटीओत आणि इन्शुरन्स कंपनीत लेखी विचारून घ्या, तोंडी उत्तराला किंमत नाही.

काचांवर काळी फिल्म लावायच्या भानगडीत पडू नका. पडदे आणि सनशेड गाडी थांबल्यावरच लावायचे, निघताना काढायचे.

३. टेप आणि पुठ्ठा

फ्रीज आला तो मोठा खोका असतो ना, तो दुकानातून मागून आणा. पलंगाचा आकार आधी पुठ्ठ्यात कापून गाडीत टाकायचा, त्यावर खरंच आडवं व्हायचं, दोघांनी. ही पायरी कोणी करत नाही आणि मग प्लायवूड तीनदा कापतात.

मोजायचं काय: पुढच्या सीटा पुढे सरकवून त्यांच्या पाठीपासून मागच्या बंद दारापर्यंतची लांबी, दोन चाकांच्या फुगवट्यांमधली रुंदी, फुगवट्याच्या वरची रुंदी, आणि दुमडलेल्या सीटपासून छतापर्यंतची उंची. दार उघडं ठेवून मोजू नका, बंद दार आत येतं. सहा फुटी माणूस असाल तर तिरकं झोपायची मानसिक तयारी ठेवा.

माणसाला ताठ बसायला पलंगाच्या वर साधारण ९० सेंमी लागतात. सीट ठेवून पलंग केला की तेवढे मिळत नाहीत. आत फक्त झोपायचं, बसायचं बाहेर, ताडपत्रीखाली खुर्चीवर. पावसाळ्यात याचा कंटाळा येतो, पण त्याला इलाज नाही.

आणखी एक, ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. दिवसभर चालवून थांबलात की पुढचा भाग बराच वेळ गरम राहतो, म्हणून डोकं मागच्या दाराकडे आणि पाय पुढे असं झोपायचं. पुठ्ठा कापतानाच हे ठरवून टाका.

हत्यारं फार लागत नाहीत: टेप, गुण्या, ड्रिल, जिगसॉ, सॉकेट सेट, सँडपेपर, मल्टीमीटर. जिगसॉ विकत घेऊ नका, सुताराकडे मापं घेऊन जा, तो अर्ध्या तासात सरळ कापून देतो.

४. पत्रा, पाणी, गरमी

आधी पाण्याची टेस्ट करा. एकाने बाहेरून नळी मारायची, दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं. दारांची रबरं, टेललाइटच्या मागची बाजू, छताच्या कडेचे जोड. जिथे गळतंय तिथे आधी दुरुस्ती, कारण वरून गादी-फोम टाकल्यावर गळती दिसत नाही, फक्त वास येतो.

इन्सुलेशनमध्ये लोक वाहवत जातात. आपल्याकडे प्रश्न थंडीचा कमी आणि तापलेल्या पत्र्याचा जास्त. त्यामुळे छत केलं तरी खूप झालं. छताचं अस्तर काढून आत १० मिमी नायट्राइल फोमची शीट चिकटवायची, एसी डक्टवाले वापरतात तीच, मागे गोंद असलेली मिळते. थर्मोकोल नको, चालत्या गाडीत चिरचिरतो आणि पेटला तर भयानक. ग्लासवूल पण नको, कोकणातल्या दमट हवेत पाणी धरतो. दारांच्या आत काहीही भरू नका, खाली पाणी जायची भोकं असतात ती बुजली की दार आतून सडतं.

काचांसाठी चांदीच्या रंगाचं बबल इन्सुलेशन मापाने कापून घ्या, काचेत घट्ट बसतं, क्लिप-बिप काही लागत नाही. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम आहे. उन्हात गाडी लावायच्या वेळी पण कामाला येतं.

५. पलंग

दोन भाग करा. मागचा भाग, सीटच्या मागे, खोक्यांवर उभा. पुढचा भाग, दुमडलेल्या सीटवरून पुढे जाणारा, घडीची फळी. दिवसा फळी मागच्या भागावर पालथी पडते आणि सीट उघडून माणूस बसू शकतो.

चौकट १ इंची चौकोनी पाइपची करून घ्या. अॅल्युमिनियम असेल तर उत्तम, एमएस, म्हणजे साधं लोखंड, चालेल. फॅब्रिकेटरकडे बाहेर वेल्ड करून आणा, गाडीला वेल्ड नाही म्हटलंय, चौकटीला नाही म्हटलेलं नाही. वरती १२ मिमी प्लाय, आयएस ७१० चा शिक्का असलेला म्हणजे मरीन ग्रेड. सुतार १८ मिमीच घ्या म्हणून मागे लागेल, त्याला घरातल्या वॉर्डरोबची सवय असते. आठ बाय चारची १२ मिमीची शीट साधारण २३-२४ किलो भरते आणि १८ ची ३५ च्या आसपास. पाइपचा आडवा आधार दर फूटभरावर दिला की १२ मिमी दोघांना आरामात झेलतो. प्लायला दोन-दोन इंचांवर एक इंची भोकं पाडा, गादीखाली हवा फिरली नाही तर दोन रात्रीत खालून ओल धरते आणि काळे ठिपके येतात.

आता चौकट धरून कशी ठेवायची? जमिनीत स्क्रू मारायचा नाही. खाली पेट्रोलची टाकी आहे, ब्रेकचे पाइप आहेत, वायरिंग आहे, आणि वरून ते दिसत नाही. सीटचे जे मूळ बोल्ट आहेत त्यांच्या पायात पट्टी अडकवून, तिला रॅचेट बेल्ट (दांडीने आवळायचा पट्टा) लावून चौकट खाली खेचून घ्यायची. चौकटीच्या पायांखाली रबर. घाटात जोरात ब्रेक मारून बघा, रिकाम्या रस्त्यावर अर्थात, चौकट एक इंचही हलता कामा नये. ती हलली तर अपघातात थेट ड्रायव्हरच्या पाठीत येणार आहे, म्हणून ही गंमत नाही. जिथे जिथे नट येतो तिथे नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला) वापरा, साधा नट आपल्या रस्त्यांवर टिकत नाही.

गादी तीन इंची फोमची, तीन तुकड्यांत, नेहमीच्या गादीवाल्याकडून कव्हर शिवून घ्या. कव्हर सुती. रेक्झिन नको, घाम येतो.

६. हवा आणि डास

दोन माणसं बंद गाडीत झोपली की सकाळी काचांवरून पाणी ओघळतं, दमटपणा सगळा गादीत जातो. त्यामुळे दोन विरुद्ध बाजूंनी थोडी थोडी हवा आलीच पाहिजे. मधल्या दाराची काच सरकणारी असेल तर तिथे जाळी, नसेल तर पुढच्या दोन काचा चार बोटं खाली आणि वर मोज्यासारखी चढणारी जाळी, ती ऑनलाइन मिळते. पूर्ण दार उघडं ठेवायचं असेल तर चुंबकाची पट्टी शिवलेला पडदा शिंपी करून देतो. पंखा १२ व्होल्टचा नाहीतर यूएसबीचा, १० ते १५ वॉट, पायाकडून डोक्याकडे वारा येईल असा. मच्छर कॉइल गाडीत लावायची नाही, एवढ्याशा जागेत धूर कोंडतो.

७. वीज: आधी गणित, मग खरेदी

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात कारण लोक बॅटरीपासून सुरुवात करतात. आधी रात्रीचा खर्च मांडा.

पंखा १५ वॉट, ८ तास, झाले १२०. एलईडी पट्टी ५ वॉट, ४ तास, २०. दोन फोन, धरा ४०. एकूण १८० वॉट-तास. बस. यासाठी गाडीत बॅटरी, चार्जर, सोलर असं काही बसवायची गरज नाही. ५०० वॉट-तासाचं पोर्टेबल पॉवर स्टेशन घ्या, दोन रात्री निवांत जातात, दिवसा चालवताना गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर लावा. सॉकेटमधून साधारण १०० वॉटच्या आसपास मिळतात, म्हणजे पाच-सहा तास गाडी चालवली की परत भरलं. एकही वायर कापली नाही, इन्शुरन्सवाल्याला "वायरिंगमध्ये छेडछाड" म्हणायची संधी नाही. नवीन माणसाला मी हेच सांगतो आणि यावर वाद घालायला माझी तयारी आहे.

फ्रीज पाहिजे असेल तरच पुढचं वाचा. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज दिवसाला ३०० ते ५०० वॉट-तास खातो, उन्हाळ्यात वरचा आकडा धरा. मग १०० एएचची (अॅम्पियर-तासांची) एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी लागते, १२.८ व्होल्ट गुणिले १००, म्हणजे १२८० वॉट-तास. वजन १०-१३ किलो. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी आणू नका, ती ५० किलोच्या पुढे जाते, ॲसिड असतं आणि चार्ज होताना गॅस सोडते.

ही बॅटरी गाडीच्या मूळ बॅटरीला सरळ जोडायची नाही. लिथियम बॅटरी रिकामी असताना मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर चालून वीज बनवणारा भाग, तापून बसतो. मध्ये २० अॅम्पियरचा डीसी-डीसी चार्जर पाहिजे, तो गाडीच्या विजेवर दुसरी बॅटरी मापात भरतो, आणि त्याची इग्निशनची वायर जोडलेली पाहिजे, म्हणजे इंजिन बंद झालं की तो थांबतो, नाहीतर सकाळी गाडी स्टार्ट होत नाही. वायर १० स्क्वेअर मिमी तांब्याची, बारीक तारांची. घरातली एका जाड तारेची वायर हादऱ्याने तुटते. फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांच्या पॉझिटिव्ह टोकापासून एका वीतभराच्या आत. फ्यूज वायर वाचवायला असतो, उपकरण वाचवायला नाही, म्हणून तो बॅटरीजवळच. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि बिल जपून ठेवा.

१०० वॉटचं घडीचं सोलर पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला ४०० वॉट-तासाच्या आसपास देतं. जून ते सप्टेंबर त्याला घरी ठेवा. आणि इलेक्ट्रिक किटली, इंडक्शन हे विसरा, १५०० वॉट म्हणजे १२ व्होल्टवर १२५ अॅम्पियरच्या वर जातं.

स्पिती-लडाखला जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, शून्याच्या खाली तापमान असताना एलएफपी बॅटरी चार्ज करायची नसते. वापरली तर चालते, चार्ज नाही.

८. चूल, पाणी आणि सकाळचा प्रश्न

स्वयंपाक गाडीच्या बाहेर. मागचं दार वर उघडतं, त्याखाली घडीचं टेबल, वारा अडवायला तिन्ही बाजूंनी पत्रा. बंद गाडीत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो, वास नाही, रंग नाही, झोपेतच माणूस जातो. शेगडी आत पेटवून गाडी "जरा ऊबदार करणं" हा प्रकार तर कधीच नाही.

गॅससाठी दोन पर्याय. एक-दोन रात्रींसाठी ब्यूटेनच्या कॅनवर चालणारी शेगडी. जास्त दिवसांसाठी ५ किलोचा छोटा सिलेंडर, एजन्सीतून आणि काही पेट्रोल पंपांवर रीतसर मिळतो. घरच्या मोठ्या सिलेंडरमधून छोट्यात गॅस भरून देणारे गल्लोगल्ली असतात, ते बेकायदा तर आहेच पण धोकादायक आहे. सिलेंडर उभाच ठेवायचा, बांधून, आणि गाडी उन्हात लावून जाताना डोक्यात ठेवायचं की आत गॅस आहे.

पाण्यासाठी २० लिटरचा जार आणि त्यावर यूएसबीने चार्ज होणारा पंप. सिंक-बिंक नको. भांडी आधी कागदाने पुसून घेतली की लिटरभर पाण्यात होतात.

शौचाचा प्रश्न सगळ्यांना असतो आणि विचारत कोणी नाही. हायवेला असाल तर मोठा पेट्रोल पंप. गावात असाल तर रात्री जिथे जेवाल त्या खानावळीत आधीच विचारून ठेवा, लोक नाही म्हणत नाहीत. एरवी घडीचा कमोड, पिशवी आणि लाकडाचा भुसा. उघड्यावर वेळ आलीच तर ओढ्यापासून, विहिरीपासून निदान ६० मीटर लांब, सहा-आठ इंच खड्डा, बुजवून टाकायचा, आणि टिश्यू परत घेऊन यायचा.

९. वजन करा, अंदाज नको

सगळं भरून, पाणी भरून, दोघं बसून गाडी वजनकाट्यावर न्या. खडी-वाळूच्या ट्रकांसाठी असतो तोच काटा, थोडक्या पैशात पावती मिळते. आकडा आरसीवरच्या ग्रॉस वजनाच्या बराच आत पाहिजे. मग नुसती मागची चाकं काट्यावर ठेवून परत बघा. जड वस्तू, म्हणजे पाणी, बॅटरी, सिलेंडर, सगळ्या खाली आणि मागच्या चाकांच्या पुढे. मागच्या दाराला टेकवून जार ठेवला की पुढची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग पोकळ लागतं. छतावर कॅरियर लावून तिकडे सामान चढवू नका, गाडी अरुंद आणि उंच आहे, हायवेला शेजारून ट्रक गेला तरी डोलते.

१०. पहिली रात्र आपल्याच पार्किंगमध्ये

हसू नका, खरंच. सोसायटीच्या पार्किंगमध्ये झोपा, वॉचमनला आधी सांगून. पंख्याचा आवाज किती, लाइटचं बटण झोपून हाताला येतं का, चप्पल कुठे ठेवायची, रात्री दुसऱ्याला न उठवता बाहेर पडता येतं का, हे तिथेच कळतं. दुसरी रात्र घरापासून दोन तासांच्या आतली, ओळखीचं होमस्टे किंवा अॅग्रो टुरिझम असेल तर अंगणात गाडी लावायची, थोडे पैसे द्यायचे, बाथरूम वापरायला मिळतं. एमटीडीसीच्या रिसॉर्टवर पण विचारून बघा. २०२१ मध्ये राज्याने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून निदान शब्द तरी ओळखीचा झालाय.

रात्री गाडी कुठे लावू नये: समुद्राच्या वाळूवर तर कधीच नाही, ईको मागच्या चाकांवर चालते, ओल्या वाळूत ती चाकं रुतली की भरती येईपर्यंत ट्रॅक्टर शोधत बसाल. पावसाळ्यात घाटाच्या कड्याखाली नाही. ओढ्याच्या पात्रात नाही, वर डोंगरात पाऊस पडला तर खाली आभाळ मोकळं असताना पाणी येतं. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय नाही. मंदिराचं आवार चांगलं, पण पुजाऱ्याला किंवा पोलीस पाटलांना विचारून, आणि उजेड असताना पोचा, अंधारात आलेल्या अनोळखी गाडीकडे गाव संशयाने बघणारच.

पहिले दोनेकशे किलोमीटर झाले की थांबून सगळे नट आणि रॅचेट बेल्ट परत आवळा, काही ना काही सैल झालेलं असतंच. टायरची हवा भरलेल्या वजनाप्रमाणे, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली असते ती. स्टेपनी आणि जॅक पलंगाखाली गाडले गेले नाहीत ना, पंक्चर झाल्यावर अख्खा संसार रस्त्यावर मांडायला लागणार नाही ना, हेही निघायच्या आधी एकदा बघून घ्या.